प्रसिद्धिपत्रक कोण लिहिते? विद्यापीठांच्या संशोधनवार्तेमागचा इतिहास

डिसेंबर २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कार्डिफ विद्यापीठातले पेट्रॉक समनर, ख्रिस चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या २० नामवंत विद्यापीठांनी २०११ या एका वर्षात आरोग्यविषयक संशोधनाबद्दल काढलेली ४६२ प्रसिद्धिपत्रके गोळा केली. प्रत्येक पत्रकाच्या एका बाजूला मूळ शोधनिबंध ठेवला, दुसऱ्या बाजूला त्यावरून आलेल्या बातम्या, आणि तिन्ही ताडून पाहिले.

तोवर सर्वसाधारण समज असा होता की शास्त्रज्ञ मोजूनमापून बोलतात आणि तिखटमीठ लावतात ते वार्ताहर. निघाले वेगळेच. ४० टक्के पत्रकांत वाचकांना दिलेला सल्ला शोधनिबंधाच्या पुढे गेला होता. ३३ टक्के पत्रकांत नुसत्या सहसंबंधाला, म्हणजे दोन गोष्टी सोबत आढळण्याला, कारणाचे रूप आले होते. ३६ टक्के पत्रकांत प्राण्यांवरच्या प्रयोगाचा निष्कर्ष माणसांना लावून टाकला होता. पत्रकात ही शेवटची चूक असली की ८६ टक्के बातम्यांत ती जशीच्या तशी उतरत होती. पत्रक नेमके असले की हेच प्रमाण १० टक्क्यांवर येत होते. म्हणजे तिखटमीठ बऱ्याचदा विद्यापीठाच्या आवारातच लागत होते. आणि अशी पत्रके सहसा संशोधकाला दाखवून, त्याच्या होकारानंतरच बाहेर पडतात.

विद्यापीठांच्या जनसंपर्क विभागातल्या माणसांना संशोधन अचूक आणि समजेल असे सांगायला शिकवले पाहिजे, या मागणीला सगळ्यात भक्कम आधार या आकड्यांनी दिला. पण गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि त्यातली बरीच वर्षे शिकवले गेले ते दुसऱ्याच कुणाला तरी.

१९०० मध्ये बॉस्टनमध्ये ‘पब्लिसिटी ब्यूरो’ नावाची कंपनी निघाली. अमेरिकेतली पहिली जनसंपर्क संस्था म्हणून तिचे नाव घेतले जाते, आणि तिच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत हार्वर्ड विद्यापीठ होते. संशोधनाची बातमी नीट कळावी यासाठी कुणी वेगळा प्रयत्न केला तो १९२१ मध्ये. वृत्तपत्रांचे मालक ई. डब्ल्यू. स्क्रिप्स यांनी प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रिटर यांच्या सोबतीने ‘सायन्स सर्व्हिस’ ही संस्था उभी केली. वृत्तपत्रांना तपासलेला, वाचनीय विज्ञानमजकूर पुरवायचा, हे तिचे काम. संपादक म्हणून आणले एडविन स्लॉसन यांना. ते पेशाने रसायनशास्त्रज्ञ होते.

१९३४ मध्ये अमेरिकेतल्या मूठभर विज्ञानवार्ताहरांनी आपली राष्ट्रीय संघटना बांधली. त्या संस्थापकांत एक भारतीय होता, गोविंद बिहारी लाल. दिल्लीकडचा हा तरुण कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकायला गेला, गदर चळवळीत ओढला गेला आणि पुढे हर्स्ट यांच्या वृत्तसंस्थेचा विज्ञान संपादक झाला. १९३६ मध्ये हार्वर्डच्या त्रिशताब्दीनिमित्त भरलेल्या वैज्ञानिक परिषदेचे वार्तांकन केल्याबद्दल १९३७ चा पुलित्झर पुरस्कार पाच वार्ताहरांना मिळून देण्यात आला, त्यांत लाल होते. विद्यापीठातले संशोधन आणि सामान्य वाचक यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या पहिल्या पिढीत आपल्याकडचा माणूस होता, हे आपल्या पत्रकारितेच्या वर्गांत आवर्जून सांगायला हवे.

पण लाल आणि त्यांचे सहकारी बसले होते ते टेबलाच्या वृत्तपत्राकडच्या बाजूला. विद्यापीठाकडच्या बाजूला कोण बसले आहे आणि त्याला काय येते, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही.

तो विचारायला भाग पाडले युटा विद्यापीठाने. २३ मार्च १९८९ रोजी सॉल्ट लेक सिटीत विद्यापीठाने पत्रकार परिषद घेऊन जाहीर केले की स्टॅन्ली पॉन्स आणि मार्टिन फ्लाइशमन या रसायनशास्त्रज्ञांनी साध्या काचपात्रात, खोलीच्या तापमानाला अणुसंमीलन, म्हणजे सूर्यात प्रचंड उष्णतेत घडते तसे अणुकेंद्रांचे जुळणे, घडवून आणले आहे. जड पाणी, पॅलेडियमची कांडी आणि विद्युतप्रवाह, बस्स. विद्यापीठाच्या पत्रकात अक्षय ऊर्जेची आशा होती. शोधनिबंध मात्र अजून छापून यायचा होता. घाईचे कारणही साधे होते. शेजारच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात स्टीव्हन जोन्स जवळच्याच विषयावर काम करत होते, आणि शोधाचा मान व पेटंट हातचे जाईल अशी धास्ती होती. दोन्ही गटांनी २४ मार्चला एकाच वेळी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाकडे निबंध पाठवायचे ठरले होते. युटाने आदल्या दिवशीच पत्रकारांना बोलावले.

त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांत पॅलेडियमची शोधाशोध सुरू झाली. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने अनेक गटांनी हे प्रयोग केले आणि त्याच वर्षी आपली निरीक्षणे अहवालात मांडली. युटाच्या विधिमंडळाने ५० लाख डॉलर मंजूर केले. पण १ मेला बाल्टिमोरमध्ये भौतिकशास्त्रज्ञांच्या सभेत या दाव्याची चिरफाड झाली. हा प्रयोग हमखास पुन्हा करून दाखवणे पुढेही कुणाला जमले नाही.

या प्रकरणाचा दोष एका जनसंपर्क अधिकाऱ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. वरून आलेला निरोप त्याला शब्दांत मांडायचा असतो. पण ‘निबंध कुठे आहे, कुणी तपासला’ हा एक प्रश्न विचारण्याची तयारी आणि तेवढा अधिकार त्या खुर्चीला असता, तर काय झाले असते, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

ब्रिटनमध्ये तोवर वारे वाहू लागले होते. १९८५ मध्ये रॉयल सोसायटीच्या समितीने, आनुवंशशास्त्रज्ञ वॉल्टर बॉडमर यांच्या अध्यक्षतेखाली, अहवाल दिला: लोकांशी बोलणे हे शास्त्रज्ञाचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी त्याला शिकवले पाहिजे. दोनच वर्षांत शास्त्रज्ञांना काही आठवडे वृत्तपत्रांच्या कचेरीत बसवणारी शिष्यवृत्ती सुरू झाली. १९९१ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने विज्ञानसंवादाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला. अशा ठिकाणी शिकलेली माणसे हळूहळू विद्यापीठांच्या जनसंपर्क विभागांतही दिसू लागली.

तरीही १९९८ टळले नाही. २६ फेब्रुवारीला लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये पत्रकार परिषद झाली. अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध अवघ्या १२ मुलांवरचा होता, आणि या मुलांतल्या स्वमग्नतेसारख्या (ऑटिझम) लक्षणांचा गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लशीशी संबंध सिद्ध झालेला नाही असे त्यातच लिहिले होते. व्यासपीठावरून मात्र वेकफील्ड यांनी एकत्रित लस थांबवून तिन्ही लशी वेगवेगळ्या द्याव्यात असे सांगितले. निबंधात नसलेला सल्ला बातमीत गेला तो असा, आणि गेला तो वैद्यकीय महाविद्यालयाच्याच छत्राखाली. इंग्लंडमध्ये ही लस घेणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे ९२ टक्क्यांवरून २००३–०४ पर्यंत ८० टक्क्यांच्या आसपास घसरले. निबंध मागे घेतला गेला २०१० मध्ये. बारा वर्षे आईबापांनी ती भीती उराशी बाळगली. माझ्या मते या सगळ्या इतिहासात याहून वेदनादायक प्रकरण नाही.

२००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने विज्ञानावरचा लोकांचा विश्वास डळमळल्याचे नोंदवले. २००२ मध्ये लंडनमध्ये ‘सायन्स मीडिया सेंटर’ सुरू झाले. वादाचा विषय पेटला की काही तासांत वार्ताहराला त्या विषयाचा खरा जाणकार मिळवून द्यायचा, हे त्याचे मुख्य काम. पुढे कार्डिफचे आकडे आले, आणि २०१८ मध्ये प्रसिद्धिपत्रकावर तीन गोष्टींचा शिक्का असावा अशी पद्धत सुरू झाली: तज्ज्ञांनी तपासले आहे का, पुरावा कोणत्या प्रकारचा आहे, आणि अभ्यास कुणावर झाला, माणसांवर, प्राण्यांवर की पेशींवर.

हा शिक्का प्रशिक्षणाचा पहिला धडा म्हणून मला फार मोलाचा वाटतो, कारण तो भरताना लिहिणाऱ्याला निबंध उघडावाच लागतो. नेमके लिहिले तर बातमी छापून येणार नाही, ही जनसंपर्क विभागांची जुनी भीती. २०१९ मध्ये कार्डिफच्याच गटाने खरीखुरी पत्रके बाहेर पडण्याआधी त्यांतली काही सौम्य, काटेकोर भाषेत बदलून पाहिली. काटेकोर पत्रकांना बातम्यांत जागा कमी मिळाली, असे आढळले नाही.

आपल्याकडे विज्ञानलेखनाची परंपरा मोठी आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. २०१८ मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने ‘अवसर’ ही योजना आणली, पीएच.डी. करणाऱ्यांनी आपले संशोधन गोष्टीसारखे लिहावे आणि बक्षीस मिळवावे. आयआयटी मुंबईच्या संशोधनाच्या बातम्या मराठीतही वाचायला मिळतात. हे सगळे चांगलेच आहे. पण पुन्हा भर संशोधकावर किंवा लेखकावर आहे. पदवीदान, निकाल, मोर्चे आणि कुलगुरूंचे दौरे सांभाळता सांभाळता संध्याकाळी सहा वाजता ज्याच्या हातात शोधनिबंध पडतो, त्याला हे सगळे कोण शिकवते?

मराठीत तर त्याची वाट आणखी निसरडी आहे. ‘कॉफी पिणाऱ्यांत हा आजार कमी आढळला’ या वाक्याचे ‘कॉफीमुळे हा आजार टळतो’ व्हायला एक ‘मुळे’ पुरतो, आणि मथळ्याच्या जागेत तोच बसतो. ‘आढळले’चे ‘सिद्ध झाले’ होते. संख्याशास्त्रातला ‘सिग्निफिकंट’ हा शब्द मराठीत ‘लक्षणीय’ होऊन येतो. मूळ अर्थ एवढाच की हा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता कमी आहे. वाचक मात्र फरक मोठा आहे असे समजतो. शिवाय आपल्या भाषेत ‘शोध’ लागतोही आणि चालूही असतो, त्यामुळे चालू असलेला शोध मथळ्यात सहज लागून जातो. इंग्रजीत तयार झालेल्या कुठल्याही प्रशिक्षणात या जागा सापडणार नाहीत. त्या मराठी पत्रके आणि मूळ निबंध शेजारी ठेवून, कार्डिफच्या लोकांनी केले तसेच, आपल्यालाच शोधाव्या लागतील.