गोळीची आठवण करा, पण मेसेजमध्ये गोळीचं नाव नको

परवा ओळखीतल्या एका इंजिनियर पोराने विचारलं, एचआयव्हीच्या पेशंटला गोळीची आठवण करून देणारं ॲप बनवायचंय, दोन महिन्यात होईल ना? मी म्हटलं ॲप दोन आठवड्यात पण होईल रे, पण ज्या फोनवर ते जाणार तो फोन घरात कोणाकोणाच्या हातात असतो ते बघितलंयस का. मग त्याला मागचं सगळं सांगत बसलो, तेच इथे लिहितोय.

आपल्याकडे सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं, फुकट मिळायला लागली ती १ एप्रिल २००४ पासून, देशभरात फक्त ८ हॉस्पिटलं, त्यात मुंबईचं जेजे. त्याच्या तीन वर्षं आधी, २००१ च्या फेब्रुवारीत, मुंबईच्याच सिप्लाने तीन औषधांचा कोर्स एमएसएफ या डॉक्टरांच्या सेवाभावी संस्थेला वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला होता, तेव्हा परदेशी कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या वर होता, म्हणून जगभर गाजलं ते. पण परळ-भायखळ्याच्या चाळीतल्या माणसाला ३५० डॉलर तरी कुठून परवडणार, त्याचे उपचार खऱ्या अर्थाने सुरू झाले ते २००४ नंतरच.

आणि योगायोग बघा, १ मे २००३ ला मोबाईलवर इनकमिंग फ्री झालं होतं. म्हणजे औषध आणि स्वस्त मोबाईल साधारण बरोबरच लोकांच्या हातात आले. तेव्हाचं डिजिटल टूल म्हणजे काय तर नोकियाचा अलार्म, सकाळी ८ आणि रात्री ८, कारण तेव्हाच्या गोळ्या दिवसातून दोनदा. काउन्सेलर ९५ टक्क्यांचा हिशोब घोकून घ्यायचे, म्हणजे निदान ९५ टक्के डोस पोटात गेलेच पाहिजेत, महिन्याला ६० डोस, त्यातले तीनच्या वर चुकले की औषध निकामी व्हायचा धोका. दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजायच्या, नोंद केंद्रातल्या व्हाइट कार्डावर आणि पेशंटच्या हिरव्या पुस्तिकेत. ती हिरवी पुस्तिका घरी लपवायची कुठे हाच अनेकांचा पहिला प्रश्न, एक बाई ती तांदळाच्या डब्यात ठेवायची.

ॲपवाल्यांना वाटतं पेशंट विसरतो. विसरतो कधीकधी, पण १० बाय १२ च्या खोलीत सात माणसं असताना रात्री ८ चा अलार्म वाजल्यावर सासू विचारते कसली गोळी, आणि मग तो डोस जातो. विरारला राहणारा माणूस जवळचं केंद्र सोडून मुद्दाम शहरातल्या केंद्रात नाव घालतो ते ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून, त्यासाठी लोकलचा धक्का आणि अर्ध्या दिवसाची मजुरी दोन्ही सोसतो. आणि ही भीती उगाच नाही. १९९७ मध्ये मुंबई हायकोर्टात एका कामगाराची केस गाजली, एचआयव्ही निघाला म्हणून काम नाकारलेलं. कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिलाच, पण त्याला खरं नाव न सांगता लढू पण दिलं, रेकॉर्डवर तो एमएक्स आणि समोरची कंपनी झेडवाय. माझ्या मते इथलं प्रायव्हसी फीचर म्हणजे हेच पहिलं, आणि ते कोर्टाने दिलेलं.

आता मेसेजचं. २०१० मध्ये केनियातला एक अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला, ५३८ पेशंट. अर्ध्यांना आठवड्यातून एकदा एसएमएस जायचा, एकच शब्द, 'मांबो', म्हणजे कसं काय. उत्तर द्यायचं 'सावा' म्हणजे ठीक, नाहीतर 'शिदा' म्हणजे अडचण आहे, आणि अडचण कळली किंवा ४८ तासांत उत्तर आलं नाही तर नर्स फोन करायची. औषध नियमित घेणारे मेसेज नसलेल्यांत ५० टक्के, मेसेजवाल्यांत ६२ टक्के. त्या मेसेजमध्ये ना एचआयव्हीचं नाव, ना गोळीचं, कोणी वाचला तरी काय कळणार! तसलंच काहीसं दक्षिण भारतात ६३१ पेशंटवर करून बघितलं, आठवड्याला आपोआप येणारा व्हॉइस कॉल आणि एक चित्राचा मेसेज, दोन वर्षं. २०१४ मध्ये बीएमजे या वैद्यकीय मासिकात निकाल आला, काही फरक नाही. लोक म्हणतात आपल्याकडे काउन्सेलिंग आधीच बरं होतं म्हणून, असेलही, पण मला वाटतं की रेकॉर्ड केलेल्या आवाजाला माणूस आपली अडचण नाही सांगत.

मग ९९ डॉट्स आलं, टीबीसाठी. एचआयव्हीवाल्यांचा मोठा वैरी टीबीच, म्हणून एआरटी केंद्रांतही पोचलं. गोळी फोडली की पाकिटावर लपलेला नंबर दिसतो, त्यावर फुकट कॉल करायचा, झाली नोंद. मिसकॉल देण्यात आपण तसेही पटाईत, आयडिया झकासच होती. पण चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईत लघवी तपासून ताळा केला तेव्हा कॉल आणि गोळी यांचं गणित काही नीट जुळलं नाही.

खरी परीक्षा लॉकडाउनची. मार्च २०२० मध्ये लोकल बंद, तो विरारवाला अडकला. तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देणं, घरपोच नाहीतर नाक्यावर नेऊन देणं, हे सगळं व्हॉट्सॲपवर ठरायचं. तेव्हा काही हौशी लोकांनी पेशंटचे ग्रुपच काढले, आणि ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो हे नंतर लक्षात आलं. लंडनच्या ५६ डीन स्ट्रीट या लैंगिक आरोग्याच्या क्लिनिकने २०१५ मध्ये हीच चूक ईमेलवर केली, ७८१ जणांचे पत्ते एकमेकांना दिसले, हॅकरबिकर कोणी नाही, पत्ते फक्त चुकीच्या रकान्यात टाकले, दंड १ लाख ८० हजार पाउंड.

आता बरंच सोपं झालंय. दिवसाला एकच गोळी, वर्षातून व्हायरल लोड म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी, नाको या सरकारी एड्स नियंत्रण संस्थेचं पेशंटच्या नोंदींचं 'सोच' पोर्टल, १०९७ हेल्पलाइन, आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला कायदा, ज्यात काही अपवाद सोडले तर पेशंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय फोडता येत नाही. कार्ड हरवलं तरी नोंद राहते, गावी गेलेल्याला तिकडच्या केंद्रात जोडता येतं, हे मी मोठंच समजतो.

त्या पोराला शेवटी एका काउन्सेलर ताईंकडे पाठवलं. त्यांचा नंबर पेशंटांच्या फोनमध्ये कुठे 'गॅस एजन्सी', कुठे 'टेलर ताई' नावाने सेव्ह आहे, आणि गोळ्या संपत आल्या की त्यांचा मेसेज जातो, "ब्लाउज तयार आहे, सोमवारी या". त्याने विचारलं, आणि पुरुषांना काय पाठवता? "पँट अल्टर झालीय," ताई म्हणाल्या.