दोन किलोमीटरचा प्रश्न : घुताचा वाद कुठून आला?

सीरियाच्या यादवीचा विषय निघाला की आजही कुणीतरी ठासून सांगतं, 2013 मध्ये दमास्कसभोवतीच्या घुता पट्ट्यात सरीन हे विषारी रसायन सोडलं ते बंडखोरांनीच. आणि पुरावा म्हणून एकच वाक्य पुढे करतं, ‘त्या रॉकेटचा पल्ला जेमतेम दोन किलोमीटर होता.’ सरकारी तळ त्याहून लांब होते, असा त्यामागचा तर्क. पल्ल्याचं वाक्य खरं आहे. पण त्यावर उभा केलेला निष्कर्ष किती टिकतो हे पाहायचं, तर हा वाद कसा वाढत गेला ते आधी माहीत हवं.

मार्च 2011 मध्ये दारा शहरात भिंतींवर सरकारविरोधी घोषणा लिहिल्या म्हणून शाळकरी मुलांना पकडलं आणि तिथून उठाव पेटला. राष्ट्राध्यक्ष बशर अल-असदच्या सरकारने परदेशी वार्ताहरांना जवळपास दारं बंद केली. चोरवाटांनी आत गेलेल्यांपैकी मेरी कोल्विन आणि रेमी ओश्लिक हे दोघे 22 फेब्रुवारी 2012 रोजी होम्समध्ये तोफमाऱ्यात मारले गेले. बाहेरच्या जगाकडे उरले ते गल्लीबोळांतल्या लोकांनी मोबाईलवर टिपून यूट्यूबवर टाकलेले व्हिडिओ. रोज शेकडो यायचे, आणि ते बसून तपासायला वेळ कुणाकडे नव्हता.

तो वेळ इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका माणसाने दिला. एलियट हिगिन्स ना सैन्यात होता, ना त्याला अरबी येत होतं, ना तो कधी सीरियात गेला होता. मार्च 2012 पासून तो ‘ब्राऊन मोझेस’ या नावाने लिहू लागला. पद्धत साधी, पण चिकाटीची. मागे दिसणारा मिनार, गच्चीवरच्या टाक्या, रस्त्याचं वळण हे सगळं उपग्रहाच्या छायाचित्राशी जुळवून जागा ठरवायची, सावलीवरून वेळेचा अंदाज घ्यायचा आणि पडलेल्या तुकड्यावरून शस्त्र ओळखायचं. 2013 च्या सुरुवातीला दाराच्या बंडखोरांच्या हातात त्याला युगोस्लाव्ह बनावटीची शस्त्रं दिसली, सीरियन सैन्याकडे नसलेली. बंडखोर सैन्याकडून हिसकावलेल्या शस्त्रांवरच लढतायत, या समजुतीला तो मोठा धक्का होता. फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने वृत्त दिलं : सौदी पैशातून क्रोएशियातली शस्त्रं बंडखोरांपर्यंत पोचवली गेली होती. ही बातमी बंडखोरांच्या सोयीची नव्हती, हे इथे लक्षात ठेवायला हवं. कारण हिगिन्सने पुढे असद सरकारकडे बोट दाखवलं, तेव्हा त्याला सरसकट एका बाजूचा ठरवण्यात आलं.

21 ऑगस्ट 2013. घुता पट्ट्यात, दमास्कसच्या पूर्वेला झमाल्का, ऐन तर्मा आणि नैर्ऋत्येला मोअदामिया इथे पहाटे रॉकेटं पडली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या मदतीवर चालणाऱ्या तीन रुग्णालयांत तीन तासांपेक्षा कमी वेळात सुमारे 3,600 रुग्ण आले, त्यांतले 355 दगावले. एकूण मृतांचा आकडा अमेरिकेने 1,429 सांगितला, तर फ्रेंच गुप्तचरांनी किमान 281. इतकी तफावत होती, पण मोठ्या संख्येने माणसं मेली याबद्दल वाद नव्हता. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक त्या वेळी दमास्कसमध्येच होते. त्यांचे प्रमुख ओके सेल्स्ट्रॉम यांचा अहवाल 16 सप्टेंबरला आला : जमिनीवरून जमिनीवर मारा करणाऱ्या रॉकेटांतून सरीन सोडलं गेलं. ते कुणी सोडलं, हे सांगण्याचा अधिकारच त्यांना नव्हता.

पूर्व घुतात सापडलेलं रॉकेट विचित्रच होतं. पुढे पिंपासारखं रुंद डबडं, त्यात निरीक्षकांच्या मोजमापानुसार सुमारे 56 लिटर द्रव मावणारं. मागे बारीक नळीसारखं इंजिन आणि शेपटीला गोल कड्यात बसवलेले पंख. हल्ल्याच्या कित्येक महिने आधीपासून हिगिन्सने याच घडणीच्या रॉकेटांचे व्हिडिओ जमवले होते, आणि त्यांतल्या काहींत ती सरकारी बाजूचे लोक डागताना दिसत होते.

अहवालात रॉकेटं कुठल्या दिशेने आली त्याचे कोन दिले होते. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने त्यांवरून नकाशावर रेषा ओढल्या. त्या रेषा कासियून डोंगरावर, रिपब्लिकन गार्ड या असदच्या खास सैन्यदलाच्या 104 व्या ब्रिगेडच्या तळापाशी, हल्ल्याच्या ठिकाणांपासून साडेनऊ किलोमीटरच्या आसपास एकत्र आल्या. चित्र इतकं नेटकं होतं की अनेकांनी तिथेच प्रकरण मिटलं असं मानलं.

ते मिटलं नव्हतं. जानेवारी 2014 मध्ये शस्त्रतज्ज्ञ रिचर्ड लॉइड आणि अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाचे थिओडोर पोस्टॉल यांनी दाखवून दिलं की एवढं बोजड तोंड घेऊन हे रॉकेट दोन किलोमीटरच्या फार पुढे जाऊच शकत नाही. सेल्स्ट्रॉम यांनीही तो अंदाज रास्त मानला. म्हणजे झमाल्काची रेषा डोंगरापर्यंत ताणणं चूक होतं. त्याआधी डिसेंबरमध्ये अमेरिकन पत्रकार सीमोर हर्श यांनी एका लेखात संशयाची सुई नुसरा फ्रंट या बंडखोर जिहादी गटाकडे वळवली होती, आणि दोन किलोमीटरचा आकडा त्या संशयाला जोडला गेला.

माझ्या मते गफलत नेमकी इथे झाली. साडेनऊ किलोमीटरची रेषा पडली म्हणजे सरकारवरचा आरोपच पडला, असं लोकांनी धरून चालायला सुरुवात केली. हिगिन्सने पल्ल्याचं गणित नाकारलं नाही. त्याने व्हिडिओ आणि नकाशे लावून दमास्कसच्या काबून आणि जोबार या भागांमधला पट्टा दाखवला. तिथे ऑगस्टमध्ये सरकारी फौजांची कारवाई चालू होती आणि झमाल्का तिथून दोन-अडीच किलोमीटरच्या टप्प्यात येत होतं. लॉइड-पोस्टॉल यांचं मोजमाप आणि त्यावरून लोकांनी काढलेला अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या असत्या, तर पुढची वर्षानुवर्षांची चिखलफेक झाली नसती.

नंतर रसायनाकडून पुरावा आला. 2014 च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने म्हटलं की हल्लेखोरांना बहुधा सीरियन सैन्याच्या रासायनिक साठ्यापर्यंत पोच होती. जानेवारी 2018 मध्ये रॉयटर्सने वृत्त दिलं की, सीरियाने नष्ट करण्यासाठी सुपूर्द केलेल्या साठ्याशी घुताचे नमुने प्रयोगशाळेत जुळले.

ज्या व्हिडिओंवर हे सगळं उभं आहे, त्यांची मात्र हेळसांड झाली. 2017 मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेने अतिरेकी मजकूर समजून सीरियातले हजारो व्हिडिओ उडवले. असे व्हिडिओ जपून ठेवणाऱ्या ‘सीरियन आर्काइव्ह’च्या लोकांनी पाठपुरावा करून त्यांतले बरेच परत मिळवले, सगळे मिळाले नाहीत.

नोव्हेंबर 2023 मध्ये फ्रान्सच्या न्यायाधीशांनी ऑगस्ट 2013 च्या हल्ल्यांबद्दल बशर अल-असदवर अटक वॉरंट काढलं. 8 डिसेंबर 2024 ला दमास्कस पडलं आणि असद मॉस्कोला पळाला. जुलै 2025 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वॉरंट रद्द केलं : ते निघालं तेव्हा तो राष्ट्रप्रमुख होता, आणि पदावरच्या राष्ट्रप्रमुखाला परदेशी न्यायालयांपासून संरक्षण असतं.