900 अंशांची गिरकी लहान अंगाला का जमते?

मे 2024मध्ये ऑस्ट्रेलियाच्या 14 वर्षांच्या अरिसा ट्रू हिने व्हर्ट रॅम्पवर, म्हणजे कडेशी भिंतीसारख्या उभ्या होणाऱ्या वक्र उतारावर, स्केटबोर्डसह हवेत अडीच फेऱ्या, म्हणजे 900 अंशांची गिरकी घेतली. ही कसरत साधणारी ती पहिली महिला. अशा पराक्रमाला ‘गुरुत्वाकर्षणावर मात’ म्हणणे सर्वस्वी चूक आहे, आणि मुलांना भीती नसते म्हणून त्यांना हे जमते, हे स्पष्टीकरणही अपुरे आहे.

अमेरिकी स्केटबोर्डपटू माइक मॅकगिल यांनी 1984मध्ये 540 अंशांची गिरकी साधली आणि त्यांचेच देशबंधू टोनी हॉक यांनी 1985मध्ये 720 अंशांची. पुढच्या अर्ध्या फेरीला मात्र 14 वर्षे लागली. 27 जून 1999 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेमध्ये, स्पर्धेची वेळ संपून गेल्यावरही प्रयत्न न सोडता, सहा फुटांहून उंच असलेल्या हॉक यांनी वयाच्या 31व्या वर्षी ‘900’ पूर्ण केली.

गिरकीचा सगळा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, रॅम्पची कड सुटण्यापूर्वीच मिळवावा लागतो, कारण खांदे व हात पिळताना चाकांना रॅम्पचा आधार असतो आणि हवेत तो नसतो. गुरुत्वाकर्षण शरीराच्या वस्तुमानकेंद्रावर कार्य करते, त्यामुळे ते गिरकी वाढवतही नाही आणि थांबवतही नाही. हवेत किती वेळ मिळणार, एवढेच ते ठरवते. वस्तुमानकेंद्र 2.4 मीटर वर गेले, तर परत येईपर्यंत सुमारे 1.4 सेकंद मिळतात. तेवढ्यात 900 अंश फिरायचे, तर सरासरी वेग सेकंदाला सुमारे 640 अंश हवा. उतरण्याच्या वेळेचा अंदाज एकदशांश सेकंदाने चुकला, तरी बोर्ड 64 अंश तिरपा टेकतो. अंग आवळून घेतले की जडत्व-आघूर्ण, म्हणजे फिरण्याला शरीराचा होणारा विरोध, घटते आणि त्याच संवेगात गिरकी वेगवान होते.

शरीराचा आकार इथेच निर्णायक ठरतो. प्रमाणबद्ध शरीरांची तुलना केली, तर जडत्व-आघूर्ण उंचीच्या पाचव्या घाताने वाढते, पण स्नायूंचे बल त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळाप्रमाणे, म्हणजे वर्गानेच वाढते. या बलाला भुजेच्या लांबीने गुणले, तरी मिळणारे बल-आघूर्ण, म्हणजे फिरवणारा रेटा, तिसऱ्या घातापर्यंतच पोहोचते. म्हणून कोनीय त्वरण, म्हणजे गिरकीचा वेग वाढण्याचा दर, उंचीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात राहते, आणि अंग तेवढ्याच कोनातून पिळून मिळणारा गिरकीचा वेग उंचीच्या व्यस्त प्रमाणात. प्रौढाच्या चार पंचमांश उंचीचे मूल या हिशेबाने सव्वापट वेगाने फिरू शकते. प्रत्यक्षात मुलांची शरीरे प्रौढांची हुबेहूब लहान प्रतिकृती नसतात आणि कौशल्याचा वाटाही मोठाच असतो, तरी नियमाची दिशा स्पष्ट आहे.

2012मध्ये टॉम शार याने 1080 अंश पूर्ण केले ते मेगा रॅम्पवर, म्हणजे व्हर्टहून कितीतरी मोठ्या रॅम्पवर, वयाच्या 12व्या वर्षी. 2020मध्ये ब्राझीलच्या गुई खुरी याने तेच साध्या व्हर्ट रॅम्पवर केले, तेव्हा तो 11 वर्षांचा होता. प्रौढाला मात्र वेळ उडीच्या उंचीतून मिळवावा लागतो. मिची ब्रुस्को यांनी 2019मध्ये 1260 अंश साधले तेही मेगा रॅम्पवरच, कारण गिरकीचा वेग तोच ठेवून 900ऐवजी 1260 अंश फिरायचे, तर वेळ 1.4 पट लागतो आणि त्यासाठी उडीची उंची जवळजवळ दुप्पट गाठावी लागते.