काचेआडच्या तारा: वीणा, तंबोरा आणि चौंडकं

संग्रहालयात एखादी जुनी सतार किंवा तंबोरा आला की बहुधा आधी त्याच्या तारा सैल केल्या जातात. ताण वर्षानुवर्षं तसाच राहिला तर तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, दबते, दांडी वाकते. त्यात मुंबईचा पावसाळा म्हणजे चार महिने हवेत पाणीच. लाकूड फुगतं, सांध्यातला सरस सुटतो, भोपळ्याला कीड लागते. तेव्हा काचेआडचं वाद्य सहसा बेसूर असतं, आणि ते त्याच्याच भल्यासाठी.

ऐकवता येत नाही म्हटल्यावर संग्रह जमतो तो डोळ्यांच्या हिशेबाने. हस्तिदंताची किनार, कोरीव खुंट्या, रंगवलेला भोपळा असलेली वाद्यं जपली गेली. रोजच्या रियाजाची वाद्यं झिजली, त्यांची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, बदलली, पडदे बदलले, शेवटी ती माळ्यावर गेली. आमच्या आजीचा मिरजेचा तंबोरा गिरगावातून बोरिवलीला हलवताना टेम्पोत तडकला. दुरुस्तीवाल्याने भोपळा हातात घेऊन एवढंच विचारलं, “वाजवणारं कुणी आहे का घरात?” नव्हतं.

मुंबईत जुनी वीणा शोधायची तर मी आधी चित्रांकडे जाईन. काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी उघडलं. इमारत त्याआधीच उभी होती, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं. तिथला लघुचित्रांचा संग्रह मोठा आहे. राग-रागिण्यांना माणसांच्या रूपात रंगवणाऱ्या रागमालेच्या परंपरेत तोडी रागिणी म्हणजे रानात वीणा घेऊन उभी असलेली स्त्री आणि भोवती जमलेली हरणं. वीणा कुठे टेकवली आहे, भोपळे किती मोठे आहेत, डावा हात कुठे पोचतो, हे चित्रातच कळतं. खुंटीला टांगलेल्या खऱ्या वीणेवरून ते कळत नाही. खरी वाद्यं मनसोक्त बघायची तर पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं. दिनकर केळकरांनी जन्मभर अडकित्ते, दिवे आणि दरवाजांबरोबर वाद्यंही गोळा केली आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला.

पण खालची पाटी वाचताना जरा जपून. ‘वीणा’ हा शब्द फार जुना आणि फार ढगळ आहे. चौथ्या शतकात समुद्रगुप्ताने स्वतःला वीणा वाजवताना नाण्यावर उमटवलं, पण ती वीणा कॅलेंडरातल्या सरस्वतीच्या हातातली नव्हे. ती धनुष्यासारखी वाकलेली, पडदे नसलेली, प्रत्येक सुराला वेगळी तार असलेली. भारतातून हा प्रकार पुढे जवळजवळ नाहीसा झाला. म्यानमारमध्ये त्याच घराण्यातलं ‘सौंग’ आजही वाजतं. आपल्याकडे नळीसारखी दांडी आणि तिच्याखाली भोपळा ही रचना वर आली. एकाच तारेतून अनेक सूर काढायचे ठरले की गमक (सुराला दिलेले झोके) आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) यांना जागा मिळते. आपल्या संगीताला नेमकी तीच हवी होती, असं मला वाटतं.

या बदलाचा सगळ्यात नीट लिहून ठेवलेला हिशेब महाराष्ट्रातच झाला. १३ व्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं, काम दरबारी हिशेबाचं. त्याच्या ‘संगीतरत्नाकर’ या संगीतावरच्या संस्कृत ग्रंथाचा वाद्याध्याय वाचताना हिशेबनीसाची सवय जागोजागी दिसते. दांडी किती लांब, भोक किती रुंद, भोपळा कुठे बांधायचा, सगळं बोटांच्या मापात. एकतंत्री, नकुल, त्रितंत्री, चित्रा, विपंची, २१ तारांची मत्तकोकिला, आलापिनी, किन्नरी अशी नावं एकामागून एक येतात. किन्नरीचे पडदे गिधाडाच्या हाडाचे सांगितले आहेत. एकतंत्रीच्या तारेखाली बांबूची बारीक चिपटी सरकवून नाद खुलवायचा, तिला तो ‘जीवा’ म्हणतो. आज तंबोऱ्याच्या तारेखाली आपण सुताचा दोरा सरकवतो. साहित्य बदललं, काम तेच.

ते काम म्हणजे जवारी. घोडीचा माथा धारदार नसतो, तो रुंद आणि किंचित उतरता असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर घासत राहते आणि मूळ सुरावर वरच्या स्वरांची झालर चढते. वाजवून वाजवून घोडीला तारेचे खड्डे पडतात, मग कानसने तासून उतार पुन्हा साधावा लागतो. दादरला एका दुकानात हे बघत तासभर उभा राहिलो होतो. चार वेळा तासायचं, फुंकर मारून भुसा उडवायचा, तार चढवून ऐकायचं, मान हलवायची, पुन्हा उतरवायची. संग्रहालयात मी म्हणूनच आधी घोडी बघतो. खड्डे असले की वाद्य वाजलेलं आहे.

सतारीच्या जन्माची कथा सगळ्यांना माहीत आहे: अमीर खुसरोने वीणेच्या तारा कमी केल्या. कथा छान आहे, पण पुरावा नाही. नाव फारसी, ‘सेह-तार’ म्हणजे तीन तारा, आणि दिल्लीच्या लेखनात सतार ठळकपणे भेटते ती १८ व्या शतकात. त्या काळातल्या खुसरो खान नावाच्या कलावंताकडे आज अभ्यासक बोट दाखवतात. नावाच्या सारखेपणाने श्रेय चारशे वर्षं मागे गेलं. १९ व्या शतकात मग नव्या वाद्यांची गर्दी झाली. बिनीचा, म्हणजे रुद्रवीणेचा, संथ आलाप सतारीवर यावा म्हणून सूरबहार, रबाबाला धातूचा पत्रा आणि तारा देऊन सूरसिंगार. सरोदही त्याच वाटेने घडला.

यातली काही मुंबईने फार जवळून पाहिली, किंवा खरं तर पाहिली नाहीत. सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवी २०१८ पर्यंत इथेच राहिल्या, शिष्य घडवत राहिल्या, पण अनेक दशकं जाहीर मैफल केली नाही. झिया मोहिउद्दीन डागर चेंबूरला राहत. त्यांनी रुद्रवीणेचे भोपळे मोठे आणि दांडी जाड करून घेतली, नखी सोडून उघड्या बोटांनी वाजवलं आणि पनवेलजवळ पळस्प्याला गुरुकुल उभारलं. १९९० साली ते गेले. म्हणजे ज्या वाद्याला आपण पुराणवस्तू समजतो, त्याची रचना विसाव्या शतकातही बदलत होती.

आता पाटीवरच्या वर्गाकडे. नाट्यशास्त्राने वाद्यांचे चार गट केले: तत (तारेची), अवनद्ध (कातड्याने मढवलेली), घन (आपटून वाजणारी), सुषिर (फुंकून वाजणारी). १८७६ साली कोलकात्याच्या शौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला शंभराच्या आसपास भारतीय वाद्यं भेट दिली. ती ब्रुसेल्सच्या संगीतशाळेत पोचली. तिथला संग्रहपाल व्हिक्तोर मायों याने १८८० च्या सुमारास आपली सूची या चार गटांच्या धर्तीवर लावली. १९१४ मध्ये होर्नबोस्टेल आणि झाक्स या दोघांनी तीच चौकट वाढवून आकड्यांची पद्धत केली, ती जगभरची संग्रहालयं आजही वापरतात. भरताचा विचार असा युरोप फिरून आपल्याच वाद्यांच्या पाटीवर आकडा होऊन परत आला. याचं कौतुक आपल्याकडे पुरेसं झालेलं नाही.

त्या पद्धतीत एक गंमत आहे. बंगालची आनंदलहरी म्हणजे कातड्याला तार जोडलेलं छेडायचं वाद्य, पण तिला त्यात तंतुवाद्यांत जागा नाही. ‘छेडून वाजणारे ढोल’ या पोटगटात ती चर्मवाद्यांमध्ये बसली. नंतरच्या अभ्यासकांनी हरकत घेतली, की सूर तर तारेचा आहे, कातडं फक्त तो मोठा करतं. आनंदलहरीचं मराठी भावंड म्हणजे यल्लम्माच्या जोगत्यांचं चौंडकं. लाकडी नळकांडं काखेत दाबायचं, त्याच्या कातड्याच्या मधोमध अडकवलेल्या तातेचं, म्हणजे आतड्याच्या दोरीचं, दुसरं टोक डाव्या मुठीत, उजव्या हाताने छेडायचं. मूठ ओढली की सूर चढतो, ढिली सोडली की उतरतो. खुंटी नाही, पडदा नाही, घोडी नाही. हस्तिदंत तर नाहीच, त्यामुळे ते दरबारी वाद्यांच्या शेजारी क्वचितच दिसतं.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. १९ व्या शतकाच्या मध्यावर तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, हे काम हाती घेतलं होतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे अजून तिथे जातात. चौंडक्याला असं गाव नाही, ज्याचं त्याने करून घ्यायचं. काचेआड ठेवायचं झालं तर त्याच्या तारा सैल करण्याचंही काम नाही. मूठ सुटली की तात आपोआप लोंबते.