हापूसची काडी, उंदराचा डोळा आणि वय मागे फिरवायची खटपट

आमच्या देवगडच्या बागेत घराच्या मागे हापूसचं एक कलम आहे, आबांच्या वडलांनी लावलेलं, हिशोब केला तर नव्वदीच्या घरातलं. पाचेक वर्षांपूर्वी ते फळ धरायचंच जवळजवळ बंद झालं. उंची एवढी की वरच्या आंब्यापर्यंत झेला पोचेना, मधे फांद्यांची नुसती गर्दी, आत ऊन शिरायला जागा नाही, त्यात बुंध्याला भिरूड लागून भुसा पडत होता. बाबा म्हणाले तोडून टाकू, त्या जागेत दोन नवीन कलमं बसतील. आबा पडवीतूनच ओरडले, "झाड म्हातारा झाला नाय, दमलला असा."

मग ऑक्टोबरात माणसं आणून छाटणी केली. हा काही आबांचा शोध नाही, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनाची शिफारसच तशी आहे, मधली सरळ वर गेलेली फांदी काढायची, बाकीच्या आखूड करायच्या, कापलेल्या जागी बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट फासायची. झाड असं बोडकं दिसायला लागलं की शेजारचे विचारायला आले, वीज पडली काय म्हणून. पण काही महिन्यांत त्या काळ्या ओंडक्यांवर तांबूस पालवीचे झुबकेच्या झुबके फुटले, एवढे की आबांनी त्यातले निम्मेअर्धे खुडून टाकायला लावले, आणि तिसऱ्या सीझनला ते परत धरलं.

बुंधा नव्वदचा आणि पालवी दोन महिन्यांची. आता या झाडाचं वय काय सांगायचं?

मी हे चेष्टेत विचारलं होतं, पण गेली पंधरा-वीस वर्षं बायोलॉजीत याच टाइपच्या प्रश्नावर रात्रंदिवस काम चाललंय. 2022 मध्ये तर आल्टोस लॅब्ज नावाची एकच कंपनी 3 अब्ज डॉलर घेऊन उभी राहिली. या लोकांना म्हातारपण फक्त लांबवायचं नाहीये, म्हातारा झालेला सेल परत तरुण करायचाय. लांबवणं आणि मागे फिरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची सरसकट खिचडी केलेली असते.

कलमाचंच उदाहरण घेऊन सांगतो, कारण मला स्वतःला ते तसंच समजलं.

हापूसची कोय पेरली तर हापूस येत नाही हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कोय म्हणजे सगळा नव्याने डाव, त्यात दुसऱ्या झाडाचा पराग मिसळलेला, येईल ते रायवळ, आणि तेही धरायला आठ-दहा वर्षं घेणार. म्हणून कोय कलम बांधायचं. जूनमध्ये कोय रुजली की पंधराएक दिवसांचं लालसर कोवळं रोप घ्यायचं, ब्लेडने त्याचा शेंडा उडवायचा, देठात मधोमध उभी चीर द्यायची, मग मातृवृक्षावरची तीन-चार महिन्यांची, डोळा म्हणजे टोकाचा कोंब फुगलेली काडी आणून तिला खालून पाचरीसारखा आकार द्यायचा आणि त्या चिरेत बसवून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. काडीची पानं आठवडाभर आधीच झाडावर असतानाच काढून ठेवलेली असतात म्हणजे डोळा तयार राहतो. आमच्याकडे कलमं बांधायला येणारे एक काका आहेत, त्यांचं बोलणं चालू असतं, बिडी चालू असते आणि हात दिवसाला शेकडो कलमं बांधत असतात.

गंमत पुढे आहे. हे कलम गुडघ्याएवढंही नसतं, पिशवीतच असतं, आणि त्याला मोहोर येतो! पहिली तीन-चार वर्षं तो खुडून टाकावा लागतो, नाहीतर झाडाची वाढ खुंटते. कारण ती काडी मोठ्या, धरत्या झाडाची आहे, आपण हापूस आहोत आणि आपण वयात आलोय हे ती विसरलेली नाही. पण जुन्या बुंध्याचा थकवा मात्र मागेच राहिलाय. म्हणजे ओळख शाबूत आणि म्हातारपण गायब. कोयीत दोन्ही पुसलं जातं, कलमात एकच. (झाड आणि माणूस सेम नाहीत, आत काय घडतं तेही सेम नाही, उपमा इथपर्यंतच ताणायची.)

आता माणसाकडे येऊ. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक सेलमध्ये डीएनए तोच. डोळ्यातला सेल डोळ्याचा आणि लिव्हरचा लिव्हरचा कसा राहतो, तर कुठली जीन उघडी आणि कुठली बंद यावरून. गावच्या मोठ्या घरासारखं समजा. खोल्या सगळ्यांना सारख्याच, पण कोणी माजघर उघडं ठेवतं, कोणी कोठीच्या खोलीला कुलूप लावतं. डीएनएवर मिथाइल नावाचे बारीक टॅग चिकटलेले असतात, ती त्यातलीच काही कुलपं. वय वाढतं तसा या कुलपांचा घोळ व्हायला लागतो, वापरातली खोली बंद पडते आणि जिथे वर्षानुवर्षं कोणी पाऊल टाकलं नाही ती सताड उघडी राहते. 2013 मध्ये लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीतल्या स्टीव्ह होर्वाथ यांनी अशा 353 जागा शोधल्या आणि नुसते तिथले टॅग बघून माणसाचं वय सांगता येतं हे दाखवलं, रक्त असो नाहीतर मेंदू, चूक साधारण साडेतीन-चार वर्षांची. याला एपिजेनेटिक घड्याळ म्हणतात. आणि हे घड्याळ गर्भातून काढलेल्या स्टेम सेलना, म्हणजे अजून कुठल्याच अवयवाचे न झालेल्या सेलना, लावलं की जवळजवळ शून्य दाखवतं.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यात आलं ते असं की, अरे, मूल तर तीस वर्षांच्या आईच्या आणि पस्तीस वर्षांच्या बापाच्या सेलपासून बनतं, मग ते तिशीतलं का जन्मत नाही? म्हणजे निसर्गाकडे घड्याळ मागे फिरवायची चावी आहेच की. 2021 मध्ये हार्वर्डच्या व्हादिम ग्लाडिशेव्ह यांच्या टीमने उंदराच्या गर्भात हेच मोजलं, गर्भधारणेनंतर थोड्या दिवसांत वय खाली येतं, तळाला टेकतं आणि तिथून म्हातारपणाची मोजणी सुरू होते.

ती चावी हातात कशी घ्यायची याची वाट जपानमधून निघाली. तसं 1962 मध्येच जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या सेलचं केंद्रक, म्हणजे डीएनए असतो तो गाभा, काढून, केंद्रक मारलेल्या अंड्यात घालून त्यातून बेडूक वाढवून दाखवला होता, म्हणजे अंड्यात काहीतरी आहे जे जुना हिशोब पुसतं एवढं नक्की होतं. पण ते काहीतरी म्हणजे नेमकं काय? क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी 24 संशयित जीन्सची लिस्ट केली. सगळ्या एकदम उंदराच्या कातडीच्या सेलमध्ये घातल्या तर सेल मागे जाऊन गर्भातल्यासारखे झाले. मग त्यातली एकेक काढून बघितली, कुठली नसली की काम अडतं ते. शेवटी चार उरल्या: ऑक्ट4, सॉक्स2, केएलएफ4 आणि सी-मिक. हे 2006 मध्ये छापून आलं आणि 2012 मध्ये गर्डन आणि यामानाका यांना मिळून नोबेल मिळालं. सहा वर्षांत नोबेल म्हणजे फारच फास्ट.

पण हे झालं कोय पेरणं. सेल पार शून्यावर गेला, आपण कातडी होतो हेही विसरला. जिवंत प्राण्याच्या शरीरात असं केलं तर काय होईल? स्पेनमधल्या मानुएल सेरानो यांच्या टीमने 2013 मध्ये उंदरांमध्ये हेच केलं आणि त्यांना टेराटोमा झाले, म्हणजे असे ट्यूमर ज्यांच्यात वेगवेगळ्या अवयवांचे टिश्यू एकत्र गुंतलेले असतात. लिव्हरच्या सेललाच आपण लिव्हर आहोत हे आठवेना तर दुसरं काय होणार. त्यात सी-मिक ही जीन कॅन्सरसाठी आधीच बदनाम.

तर सगळा खेळ इथे येऊन थांबतो, वय पुसायचं पण ओळख पुसायची नाही. कोय नको, कलम हवं.

कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटचे हुआन कार्लोस इझपिसुआ बेलमोन्टे यांनी 2016 मध्ये एक साधीशी युक्ती केली. लवकर म्हातारपण येणारे उंदीर घेतले (प्रोजेरिया नावाचा आजार माणसातही असतो), त्यांच्यात त्या चार जीन्स अशा बसवल्या की पाण्यातून औषध दिलं तरच चालू होतील, आणि मग दोन दिवस चालू, पाच दिवस बंद असं चक्र लावलं. ट्यूमर झाले नाहीत. साधारण 18 आठवड्यांत मरणारे ते उंदीर 24 आठवड्यांपर्यंत गेले. मला यात सगळ्यात आवडतात ते हे पाच दिवस बंद. आबाही छाटणी एका दमात सगळ्या बागेची करत नाहीत, यंदा चार झाडं, पुढल्या वर्षी चार.

माणसाच्या सेलवर असंच केंब्रिजच्या बाब्राहम इन्स्टिट्यूटने 2022 मध्ये करून दाखवलं. मध्यमवयीन लोकांच्या कातडीचे सेल घेतले. पूर्ण शून्यावर जायला साधारण 50 दिवस लागतात, यांनी 13 दिवसांनी थांबवलं. सेल परत कातडीचेच झाले पण घड्याळाने त्यांचं वय सुमारे 30 वर्षांनी कमी दाखवलं, आणि लॅबमधल्या जखमेच्या टेस्टमध्ये ते जास्त चपळाईने सरकले. अर्थात हे सगळं काचेच्या बशीत झालंय. घड्याळ तीस वर्षं मागे गेलं म्हणजे माणूस तीस वर्षांनी तरुण झाला असं नाही, घड्याळाचा काटा हाताने मागे केला म्हणून सकाळ थोडीच होते, आणि काटा फिरला की खरंच वेळ फिरली यावर या क्षेत्रातल्या लोकांमध्येच अजून भांडणं आहेत.

मधेच एक सांगायचं राहिलं. हे वाचून कोणी गोळ्या मागवायला जाऊ नका प्लीज. मुंबईत एका क्लिनिकमध्ये माझ्या ओळखीच्या बाईंनी 'अँटी एजिंग ड्रिप' घेतलं, बिल ऐकून मलाच चक्कर आली. म्हातारे सेल मारणाऱ्या औषधांची बातमी दर दोन महिन्यांनी येते, उंदरांत ती चाललीही, पण गुडघेदुखीसाठी त्यातल्या एकाची माणसांवर ट्रायल झाली ती 2020 मध्ये आपटली. त्यातल्या त्यात भरवशाचं म्हणजे रॅपामायसिन. 1964 मध्ये ईस्टर बेटावर गेलेल्या कॅनडाच्या पथकाने आणलेल्या मातीतल्या जंतूपासून मिळालेलं, आणि ते वेगळं काढणारा माणूस आपला, सुरेंद्रनाथ सेहगल. ते काम करत होते त्या कंपनीने मॉन्ट्रियलची लॅब बंद केली तेव्हा या गृहस्थांनी तो जंतू घरी नेऊन फ्रीजरमध्ये ठेवला, घरचे लोक आइसक्रीम शोधताना काय म्हणत असतील देव जाणे. पुढे ते किडनी ट्रान्सप्लांटचं औषध झालं आणि 2009 मध्ये कळलं की 600 दिवसांच्या उंदरांना, म्हणजे आपल्या साठीच्या माणसासारख्या, दिलं तरी ते जास्त जगतात. पण ते इम्युनिटीवर परिणाम करतं, आणि मुख्य म्हणजे ते ब्रेक आहे, रिव्हर्स गिअर नाही.

रिव्हर्स गिअरच्या सगळ्यात जवळ गेलेली गोष्ट माझ्यासाठी घरचीच आहे, कारण आबांना काचबिंदू आहे. कळलं तेव्हा उशीर झालेला. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं, गडग्यावरून कोण जातंय ते बघायला पूर्ण मान वळवावी लागते, झाडावर चढणं तर बंदच. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस मरत जाते आणि मोठ्या माणसात ती परत वाढत नाही, थेंब फक्त प्रेशर कमी ठेवतात, गेलेलं परत देत नाहीत.

हार्वर्डच्या डेव्हिड सिंक्लेअर यांच्या लॅबमधल्या युआनचेंग लू यांनी त्या चारातली बदनाम सी-मिक काढून टाकली आणि उरलेल्या तीन जीन्स निरुपद्रवी केलेल्या व्हायरसमधून उंदराच्या डोळ्यात सोडल्या. चिमट्याने चेपलेली नस परत वाढायला लागली. काचबिंदूसारखं प्रेशर वाढवून नजर घालवलेल्या उंदरांना, आणि नुसत्या वयामुळे कमी दिसणाऱ्या वर्षभराच्या उंदरांनाही जास्त दिसायला लागलं. डिसेंबर 2020 च्या 'नेचर' मध्ये ते आलं. आणि डीएनएवरचे टॅग काढणारं एन्झाइम अडवून ठेवलं तर हा परिणाम होतच नाही, म्हणजे कुलपं बदलल्यामुळेच हे होतंय असं धरायला जागा आहे.

माणसात याची सुरुवात डोळ्यापासूनच करणं शहाणपणाचं आहे. डोळा लहान, जवळजवळ बंद डबी, औषध बाहेर फारसं पसरत नाही, आत काय चाललंय ते डॉक्टरला बाहेरून बघता येतं. आनुवंशिक अंधत्वाच्या एका प्रकारासाठी डोळ्यात द्यायची जीन थेरपी अमेरिकेत 2017 पासून मंजूरही आहे, म्हणजे वाट अगदीच नवखी नाही. पण उंदराच्या डोळ्यापासून माणसाच्या डोळ्यापर्यंत खूप लांबचा पल्ला आहे, आणि तिथे ओळख पुसली गेली तर डोळ्यात काय उगवेल याचा विचार नको वाटतो.

हे सगळं मी आबांना एका रात्री थेंब घालताना सांगितलं. रोज नऊला मोबाईलचा अलार्म वाजतो, ते खुर्चीत मागे रेलतात, मी खालची पापणी ओढून एकेक थेंब सोडतो आणि मग दोन मिनिटं डोळे मिटून बसायचं असतं. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "उंदराक दिसला मां? मग आमचो नंबर कधी?"

मी म्हटलं, आबा, वेळ लागेल.

"लागांदे," म्हणाले, आणि विषय काडीवर नेला. पुढच्या शनिवारी कलमं बांधायला माणूस येतोय, यंदा काडी मागच्या त्या जुन्या झाडाचीच घ्यायची, नवीन पालवीचे डोळे चांगले फुगलेत असं ऐकलंय, तर उद्याच चढून पानं काढून ठेव, देठ राहूदेत.