पहिला स्कूबा रेग्युलेटर निवडणं

स्कूबा डायव्हिंगमधे पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत श्वास घेता येईल अशा दाबाने आणून देणारं यंत्र म्हणजे रेग्युलेटर. कोर्स संपला की नवीन डायव्हर साधारण आधी मास्क आणि फिन्स घेतो, मग कधीतरी रेग्युलेटरकडे वळतो, आणि तिथे गोंधळ सुरू होतो, कारण दुकानात सगळे सेट दिसायला जवळजवळ सारखेच असतात, किमतीत मात्र दुप्पट-तिप्पट फरक.

काम समजलं की निवड बरीच सोपी होते. भरलेल्या सिलिंडरमधे साधारण 200 बार दाब असतो. सिलिंडरच्या तोंडावर बसतो तो फर्स्ट स्टेज, तो हा दाब उतरवून आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा 9-10 बार जास्त एवढ्यावर आणतो, आणि तोंडात धरतो तो सेकंड स्टेज ती हवा शेवटी पाण्याच्याच दाबाला आणून देतो, तेही आपण श्वास ओढू तेव्हाच. दर 10 मीटरला 1 बार दाब वाढतो, म्हणजे वरच्या हवेचा 1 बार धरून 30 मीटरवर एकूण 4 बार, आणि तिथली हवा वरच्यापेक्षा चौपट दाट असते. म्हणून दुकानात उभ्याउभ्या तोंडाला लावून दोन श्वास घेतले आणि "मस्त चालतोय" म्हटलं तर त्याला फार अर्थ नाही, तिथे सगळेच मस्त चालतात.

ही मागणीनुसार हवा देण्याची कल्पना तशी जुनी, फ्रान्समधे रुकेरोल आणि देनेरूझ यांनी 1860च्या दशकातच असं उपकरण केलं होतं. आजच्या रेग्युलेटरचा थेट पूर्वज मात्र 1943चा, झाक कुस्तो आणि इंजिनियर एमिल गान्यां यांचा ॲक्वालंग. गंमत म्हणजे गान्यांचा मूळ व्हॉल्व्ह पाण्यासाठी नव्हताच, युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गाड्या गॅसवर चालवायला केला होता. तेव्हा डोक्याच्या दोन्ही बाजूंनी जाडजूड नळ्या यायच्या, एकाच होजची रचना नंतर रुळली.

आता निवडीकडे. सगळ्यात आधी बघायचं ते कनेक्शन, आणि नेमकं हेच लोक शेवटी बघतात. योक म्हणजे वरून अडकवून स्क्रूने आवळायचा क्लॅम्प, डिन म्हणजे थेट व्हॉल्व्हमधे आट्यांनी फिरवून बसवायचा. योक 232 बारपर्यंतच चालतो, डिनमधे 300 बारचाही प्रकार आहे. योकमधे ओ-रिंग, म्हणजे हवा गळू नये म्हणून बसवलेली रबराची रिंग, सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर असते, म्हणजे भाड्याच्या सिलिंडरची रिंग झिजलेली असेल तर फसफस आपल्या वाट्याला येते, डिनमधे ती रेग्युलेटरवर असते त्यामुळे आपल्या हातात राहते. डिनला छोटा अडॅप्टर लावून योकच्या सिलिंडरवर वापरता येतं, उलट तसं सहज जमत नाही. माझ्या मते वेगवेगळ्या ठिकाणी डाइव्ह करणार असाल तर डिन आणि बॅगेत एक अडॅप्टर, विषय संपला. एकाच जागी आणि तिथे सगळे योकच, तर योक घ्या, काही बिघडत नाही.

दुसरा प्रश्न पाण्याच्या तापमानाचा. हवा एकदम प्रसरण पावते तेव्हा खूप थंड होते आणि तिच्याबरोबर धातूही. कोमट समुद्रात याने काही होत नाही, पण अगदी थंड पाण्यात, विशेषतः गोड्या पाण्याच्या तळ्यात, आत बर्फ धरतो, व्हॉल्व्ह उघडाच अडकतो आणि हवा धो धो वाहायला लागते, यालाच फ्री फ्लो म्हणतात. युरोपियन ईएन 250 मानकात यासाठी 10 अंश सेल्सिअस ही रेघ आहे, त्याखाली चालणाऱ्या रेग्युलेटरची चाचणी 4 अंशांच्या आसपासच्या पाण्यात घेतात. थंड पाण्यात जाणार असाल तर सील केलेला, म्हणजे आतल्या यंत्रणेत पाणी शिरू न देणारा, फर्स्ट स्टेज हवाच. जाणार नसाल तर त्यासाठी जास्तीचे पैसे कशाला?

फर्स्ट स्टेज पिस्टनचा चांगला की डायफ्रॅमचा, यावर डायव्हर लोक तासन्‌तास भांडू शकतात. पिस्टनमधे हलणारे भाग कमी, साधा आणि दणकट, डायफ्रॅममधे रबराचा पडदा पाणी आतल्या यंत्रणेपासून लांब ठेवतो म्हणून गाळ आणि थंडी त्याला जास्त मानवते. नवख्याला श्वासात फरक कळेलच असं नाही. बॅलन्स्ड आणि अनबॅलन्स्ड हा फरक जास्त महत्त्वाचा, अनबॅलन्स्डमधे सिलिंडर रिकामा होत आला की श्वास किंचित जड होतो, बॅलन्स्डमधे शेवटपर्यंत सारखाच राहतो. शिवाय साथीदाराची हवा संपली तर तो आपल्या ऑक्टोपसवर, म्हणजे जादाच्या सेकंड स्टेजवर येतो, म्हणजे एकाच फर्स्ट स्टेजवर दोन घाबरलेली माणसं भराभर श्वास घेणार, तेव्हा बॅलन्स्ड असलेला बरा. उथळ कोमट पाण्यात अनबॅलन्स्ड पिस्टनवर वर्षानुवर्षं मजेत डाइव्ह करणारे लोकही आहेत, हेही खरं.

सेकंड स्टेजवरच्या नॉब आणि लिव्हरने नवीन माणूस भारावून जातो. नॉबने श्वास किती सहज सुटावा ते ठरतं, लिव्हरने हवेचा झोत बदलतो, पृष्ठभागावर असताना फ्री फ्लो होऊ नये म्हणून तो "प्री-डाइव्ह"वर ठेवायचा. कामाच्या गोष्टी आहेत पण नसल्या तरी अडत नाही. त्यापेक्षा माउथपीस नीट बघा, तो मोठा किंवा कडक असेल तर तासाभराने जबडा दुखतो, आणि बदलायला अगदी स्वस्त असतो. फर्स्ट स्टेजवर दोन हाय प्रेशर पोर्ट, म्हणजे सिलिंडरचा दाब मोजणारी साधनं जोडायची भोकं, असली तर पुढे गेज ठेवून वायरलेस ट्रान्समीटरही लावता येतो.

पण खरी मेख आहे सर्व्हिसिंगची. बहुतेक कंपन्या वर्षा-दोन वर्षांनी किंवा ठराविक डाइव्हनंतर सर्व्हिसिंग सांगतात, त्यात सीट, ओ-रिंगा असे झिजणारे भाग बदलतात, आणि हा खर्च काही वर्षांत मूळ किमतीच्या जवळ जाऊ शकतो. तुम्ही राहता तिथे ज्या ब्रँडचे पार्ट्स आणि ते बसवणारा शिकलेला माणूस मिळतो तोच ब्रँड तुमच्यासाठी चांगला, मग कागदावर दुसरा कितीही भारी असो. टायटॅनियमची हौसही थोडी थांबवा, हलका असतो आणि गंजत नाही हे खरं, पण सिलिंडरमधल्या मिश्रणात ऑक्सिजन 40 टक्क्यांच्या वर गेला की तो चालत नाही.

सेकंडहँड घ्यायचा तर सर्व्हिसिंगच्या नोंदी मागा, फर्स्ट स्टेजच्या फिल्टरवर हिरवट डाग असेल तर आत पाणी गेलंय असं समजा, आणि पूर्ण सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करा. सिलिंडरला न जोडता सेकंड स्टेजमधून श्वास ओढून बघा, फर्स्ट स्टेजला डस्ट कॅप घट्ट लावलेली हवी, थोडीही हवा आत आली तर कुठेतरी गळती आहे. आपला झाल्यावर डाइव्हनंतर गोड्या पाण्यात बुडवायचा तोही डस्ट कॅप लावूनच, आणि तेव्हा सेकंड स्टेजवरच्या पर्ज बटणाला (हाताने हवा सोडायच्या बटणाला) हात लावायचा नाही, दाबलं की पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजमधे उतरतं.