कागद एकीकडे, सही दुसरीकडे : चेक ट्रंकेशनची पार्श्वभूमी

बँकेच्या पेटीत टाकलेला चेक आता ज्या बँकेवर काढला आहे तिथपर्यंत जात नाही, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्याची इमेज जाते आणि कागद भरला तिथेच राहतो. यालाच चेक ट्रंकेशन म्हणतात. या व्यवस्थेतून एक पेच उभा राहिला, तो मात्र फारसा कुणी सांगत नाही. ज्या बँकेच्या हातात कागद आहे तिच्याकडे चेक लिहिणाऱ्याची नमुना सही नसते आणि जिच्याकडे नमुना सही आहे तिला कागद दिसत नाही. गेल्या वीसेक वर्षांत चेकबाबत निघालेले बहुतेक नियम, म्हणजे नव्या नमुन्याचे चेकबुक, खाडाखोडीवरची बंदी, मोठ्या रकमेची आगाऊ कळवणी, ही सगळी याच फटीवर लावलेली ठिगळे आहेत.

मूळ कागदाऐवजी दुसरा चालवून घेणे आपल्या पेढ्यांना नवे नव्हते. हुंडी गहाळ झाली की पैठ निघे आणि पैठही हरवली तर परपैठ. एकीवर पैसे चुकते झाले की बाकीच्या निकामी. १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे हुंडी-चेकसारख्या कागदांचा कायदा, आला तेव्हा हुंडीचे हे रिवाज त्याने बहुतांशी जिथल्या तिथे राहू दिले. चेकचा पाया मात्र 'सादर करणे' या एका क्रियेवर घातला. सादर करणे म्हणजे कागद घेऊन जायचा आणि पैसे देणाऱ्या बँकेसमोर ठेवायचा. पुढची एकशेवीस वर्षे त्यात कुणाला काही अडचण वाटली नाही.

कागद खरोखरच प्रवास करायचा. संध्याकाळी शाखांमधून गठ्ठे सर्व्हिस ब्रँचला, म्हणजे बँकेच्या क्लिअरिंगचे काम पाहणाऱ्या शाखेला यायचे. तिथे एन्कोडरवर बसलेला कर्मचारी प्रत्येक चेकच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर चुंबकीय शाईने रक्कम उमटवायचा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईपासून सुरुवात होऊन चारही महानगरांत ही चुंबकीय शाई वाचणारी मायकर यंत्रे आली. ती रात्रभर चेक वाचून बँकवार वाटे पाडत. आजही त्या पट्टीवरचा नऊ आकडी कोड वाचता येतो. पहिले तीन आकडे शहराचे (मुंबईचे ४००, पुण्याचे ४११), मधले तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. परगावच्या चेकचे हाल वेगळेच. तो टपालाने जाई आणि पैसे कधी येतील याचा नेम नसे. शेवटी २००८ मध्ये राज्यांच्या राजधान्यांवरच्या चेकला सात, मोठ्या शहरांवरच्या चेकला दहा आणि इतर ठिकाणच्या चेकला चौदा दिवस अशी मुदत घालावी लागली.

या प्रवासाचा एक फायदा होता आणि तो गेल्यावरच कळला. सही तपासणारा अधिकारी नमुना सहीचे कार्ड बाजूला ठेवून चेक हातात घ्यायचा, तिरपा धरून उजेडात बघायचा. ब्लेडने खरवडलेला कागद तेवढ्या जागी पातळ लागतो, रसायनाने धुतलेल्या जागेची छपाई फिकी पडते आणि बॉलपेनच्या दाबाचा उठाव मागच्या बाजूने बोटाला लागतो. सही आणि कागद एकाच माणसाच्या नजरेखाली असायचे.

अमेरिकेत याच काळात प्रश्न दुसऱ्या बाजूने आला. तिथले चेक मोठ्या संख्येने विमानाने हिंडत. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर विमाने जमिनीवर राहिली, चेकचे गठ्ठे विमानतळांवर अडकले आणि काही शे दशलक्ष डॉलरच्या आसपास असणारी अधांतरी रक्कम (एका बँकेला दिलेली पण दुसरीकडून अजून वसूल न झालेली) ४७ अब्ज डॉलरच्या घरात गेली. कागद थांबवून इमेज पाठवावी ही चर्चा तिथे आधीपासून होती, तिला या घटनेने जोर दिला. ऑक्टोबर २००३ मध्ये कायदा मंजूर झाला आणि वर्षभराने लागू झाला. पण देशातल्या हजारो लहान बँकांवर इमेज स्वीकारण्याची सक्ती करायची नव्हती. म्हणून मधला मार्ग काढला. इमेज पाठवा, आणि समोरच्या बँकेला कागदच हवा असेल तर त्या इमेजवरून ठरलेल्या मापाचा नवा कागद छापा. त्यावर मूळ चेकच्या दोन्ही बाजू, मायकर पट्टी आणि 'ही तुमच्या चेकची कायदेशीर प्रत आहे' अशा अर्थाचे वाक्य असते. हा तिथला सब्स्टिट्यूट चेक. कायद्याच्या दृष्टीने त्याची किंमत मूळ चेकइतकीच.

आपल्याकडे असा पर्यायी कागद नाही. आपल्या कायद्याने इमेजलाच चेक म्हटले, आणि इथूनच शब्दांचा गुंता सुरू झाला.

१८८१ च्या कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली आणि ६ फेब्रुवारी २००३ पासून ती अमलात आली, म्हणजे अमेरिकेचा कायदा मंजूर होण्याच्याही आधी. कलम ६ मधल्या चेकच्या व्याख्येत दोन नवे पाहुणे आले. एक 'ट्रंकेटेड चेकची इलेक्ट्रॉनिक इमेज' आणि दुसरा 'इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला चेक'. हे दोन पूर्णपणे वेगळे. पहिल्यात चेक हाताने कागदावर लिहिलेला असतो, वाटेत थांबवला जातो आणि पुढे त्याची इमेज जाते. दुसऱ्यात कागद कधी नसतोच, चेक संगणकावरच तयार होतो आणि डिजिटल सहीने पक्का होतो. आपण रोज वापरतो तो पहिला प्रकार. दुसरा व्यवहारात आलाच नाही म्हटले तरी चालेल.

गोंधळ वाढवला तो या दुसऱ्याच्या व्याख्येने. २००२ च्या मजकुरानुसार इलेक्ट्रॉनिक चेकमध्ये कागदी चेकची 'तंतोतंत आरशातली प्रतिमा' हवी होती. एक तर आरशात डावे उजवे होते. त्याहून मोठा प्रश्न असा की जो चेक मुळातच संगणकावर जन्मला त्याचा कागद आणायचा कुठून? या दोन शब्दांमुळे कित्येकांनी इलेक्ट्रॉनिक चेक म्हणजे स्कॅन केलेला चेक असाच अर्थ लावला आणि दोन कल्पना एकमेकींत मिसळल्या. हे शब्द काढायला २०१५ ची दुरुस्ती यावी लागली. बारा वर्षे कायद्याच्या पुस्तकात अशी व्याख्या राहू देणे हा निष्काळजीपणाच होता, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण सामान्य खातेदार कायदा वाचत नसला तरी त्याचा वकील वाचतो आणि त्याच शब्दांवर तारखा पडतात.

'ट्रंकेटेड' या शब्दानेही थोडा घोळ घातलाच. ऐकणाऱ्याला वाटते चेक कापला, छाटला. प्रत्यक्षात छाटला जातो तो चेकचा प्रवास. ट्रंकेटेड चेक म्हणजे तो थांबवलेला कागद, आणि त्याची इमेज ही वेगळी वस्तू. हा फरक नीट ठेवला की बाकीची कलमे उलगडतात. कलम ८९ म्हणते की इमेज आणि थांबवलेला कागद यांच्या दर्शनी मजकुरात तफावत असेल तर तो महत्त्वाचा फेरबदल धरला जाईल आणि दोन्ही तंतोतंत जुळतील हे पाहणे इमेज पाठवणाऱ्यांचे कर्तव्य. कलम ८१ नुसार पैसे मिळाल्यावरही तो कागद वसूल करणाऱ्या बँकेला, म्हणजे जिथे चेक भरला त्या बँकेला, स्वतःकडे ठेवता येतो. पूर्वीचा दंडक उलटा होता, पैसे देणाऱ्याने कागद ताब्यात घ्यायचा. कलम १३१ च्या स्पष्टीकरणाने, कागदाच्या सकृतदर्शनी खरेपणाची आणि त्यावर वरवर दिसेल अशा फसवणुकीची तपासणी वसूल करणाऱ्या बँकेच्या गळ्यात घातली.

कलम ६४ ने पैसे देणाऱ्या बँकेसाठी एक दार उघडे ठेवले आहे. फसवणूक, खोटी सही किंवा खाडाखोड यांचा वाजवी संशय आला तर तिला मूळ कागद मागता येतो. चेक परत करण्याच्या कारणांच्या यादीतही 'इमेज स्पष्ट नाही, कागदासह पुन्हा सादर करा' हे कारण आहे. पण इमेजमध्ये खाडाखोड दिसलीच नाही तर संशय येणार कशावरून? कायद्याने अधिकार दिला, तो वापरायला लागणारी नजर मात्र काढून घेतली.

आता इमेज कशी असते ते पाहू. एका चेकच्या तीन इमेज निघतात. पुढच्या बाजूची एक करड्या छटांची, इंचाला १०० ठिपके, आणि एक काळी-पांढरी, इंचाला २०० ठिपके. मागच्या बाजूची एक काळी-पांढरी. रंग नाही. शाईच्या दोन निळ्या छटांत फरक असेल तर तो करड्यात विरून जातो. कागदाचा पोत, बोटाला लागणारा उठाव, अतिनील दिव्याखाली चमकणारी शाई, यातले काहीच पुढे जात नाही. इमेजवर बँकेची डिजिटल सही असते, त्यामुळे वाटेत ती कुणी बदलली तर पकडले जाते. स्कॅनरवर ठेवलेला कागदच बनावट असेल तर ही डिजिटल सही त्या बनावट कागदाचीच इमानाने ग्वाही देते.

या व्यवस्थेची प्रत्यक्ष सुरुवात दिल्ली परिसरात १ फेब्रुवारी २००८ ला झाली. मग सप्टेंबर २०११ मध्ये चेन्नई आणि एप्रिल २०१३ मध्ये मुंबई. मुंबईच्या जाळ्यात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड आले. नागपूरच्या शाखेवरचा चेक पुण्यात भरला तरी तो स्थानिक धरला जाऊ लागला, परगावची वटणावळ गेली. लहान सहकारी बँका मोठ्या बँकेच्या आधाराने उपसदस्य म्हणून आत आल्या. हा बदल चांगलाच होता, त्याबद्दल वाद नाही.

कागद दिसणार नाही म्हटल्यावर कागदच बोलका करण्याची खटपट सुरू झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये चेकचा नवा नमुना ठरला, त्यालाच सीटीएस-२०१० म्हणतात (सीटीएस म्हणजे चेक ट्रंकेशन सिस्टिम). घरातले चेकबुक काढा आणि एक पान खिडकीच्या उजेडासमोर धरा. लंबगोलात 'सीटीएस-इंडिया' अशी जलचिन्हातली अक्षरे दिसतील. डाव्या कडेला बारीक टायपात छापखान्याचे नाव आणि 'सीटीएस-२०१०' असते. बँकेचे चिन्ह अदृश्य शाईत छापलेले असते, ते अतिनील दिव्याखालीच उगवते, आणि ते उठून दिसावे म्हणून कागद मुद्दाम त्या दिव्यात न चमकणारा वापरतात. सगळ्यात सुबक युक्ती पार्श्वभूमीच्या नक्षीत आहे. तिच्यात 'व्हॉइड' किंवा 'कॉपी' हा शब्द लपवलेला असतो. बँकेच्या स्कॅनरला तो दिसत नाही, पण चेकची रंगीत झेरॉक्स काढली की ठळकपणे वर येतो.

नीट पाहिले तर यातल्या बहुतेक खुणा कागद हातात असणाऱ्यासाठी आहेत, म्हणजे पुन्हा वसूल करणाऱ्या बँकेसाठी.

खाडाखोडीचा निर्णय याच धाग्यातला आणि सर्वांत वादाचा. पूर्वी नावात किंवा रकमेत चूक झाली की ती खोडून शेजारी पूर्ण सही केली तर चेक चालायचा, आणि कायद्याला त्यात काही गैर वाटत नव्हते. इमेजच्या व्यवस्थेत तारीख नव्याने घालण्यापुरती सवलत ठेवून बाकी सगळ्या दुरुस्त्या बंद केल्या. कायद्याने जे चालत होते ते एका परिपत्रकाने बंद झाले, याबद्दल व्यापाऱ्यांची तक्रार रास्त होती. तरीही मला हा निर्णय बरोबर वाटतो. करड्या इमेजमध्ये दुरुस्ती मालकाने केली की चोराने, हे ओळखायचे ठरवले तर रोज हजारो चेक अडकले असते. नवे पान फाडणे त्यापेक्षा स्वस्त. जुने चेक बाद करताना मात्र घोळ झाला. डिसेंबर २०१२ ची मुदत आधी मार्च, मग जुलै आणि शेवटी डिसेंबर २०१३ अशी सरकत गेली. त्यानंतर जुन्या चेकसाठी वेगळे क्लिअरिंग आठवड्यातून तीनदा, दोनदा, एकदा आणि पुढे महिन्यातून एकदा असे आटत २०१८ च्या अखेरीस बंद झाले. गृहकर्जापोटी आगाऊ चेकचा गठ्ठा देऊन बसलेल्यांना तो बदलून द्यायला पुन्हा खेटे घालावे लागले.

एवढे करूनही फसवणूक थांबली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये बँकांना सांगितले गेले की साधारण दोन लाखांवरचे चेक अतिनील दिव्याखाली धरा, पाच लाखांवरचे एकाहून अधिक पातळ्यांवर तपासा आणि चेक क्लिअरिंगला आला की खातेदाराला एसएमएस करा. शेवटची सूचना महत्त्वाची. फट बुजवायला खुद्द चेक लिहिणाऱ्यालाच बोलवायचे, हा विचार तिच्यात पहिल्यांदा दिसतो. १ जानेवारी २०२१ पासूनचा पॉझिटिव्ह पे त्याचेच पक्के रूप. पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकचा क्रमांक, तारीख, नाव, रक्कम खातेदाराने आधीच आपल्या बँकेला कळवायची आणि इमेज आली की ताडून बघायची. ही सोय ऐच्छिक आहे, पण पाच लाखांपासून पुढे सक्ती करण्याची मुभा बँकांना आहे.

कागदाचा मुक्काम बदलल्याचा पडसाद कोर्टातही उमटला. ऑगस्ट २०१४ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात निकाल लागला की चेक न वटल्याची फिर्याद पैसे देणाऱ्या बँकेच्या गावी करावी. हजारो फिर्यादी गावोगाव परत गेल्या. २०१५ च्या त्याच दुरुस्तीने, ज्यात आरशातली प्रतिमा हटली, हे उलटवले. खात्यात चेक भरला असेल तर ज्या शाखेत घेणाऱ्याचे खाते आहे तिथले कोर्ट. न वटलेला कागद आणि परतीचा मेमो तिथेच हातात पडतो, त्यामुळे कागदाच्या नव्या मुक्कामाशी हे जुळणारेच झाले.

तिन्ही जाळी एक होऊन देशभर एकच व्यवस्था झाली आणि सप्टेंबर २०२१ पर्यंत सगळ्या शाखा तीत आणण्याचे फर्मान निघाले. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर गठ्ठ्याची कल्पनाच गेली. चेक स्कॅन होईल तसा पुढे जातो आणि पैसे देणाऱ्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या आत हो किंवा नाही सांगायचे. सुरुवातीच्या आठवड्यांत चेक अडकल्याच्या तक्रारी सगळीकडून आल्या. पुढच्या टप्प्यात उत्तरासाठी तीनच तास ठेवायचे ठरले आणि त्यासाठी ३ जानेवारी २०२६ ही तारीख जाहीर झाली होती. या नव्या रीतीत मुदतीत उत्तर आले नाही तर चेक मंजूर धरला जातो. म्हणजे सही पाहणाऱ्याने वेळेत पाहिलीच नाही, तरी पैसे जातात. कागद तोवर वसूल करणाऱ्या बँकेच्या गोदामात गेलेला असतो. तिथे तो दहा वर्षे जपून ठेवावा लागतो. तो पाहायचा असेल तर चेक लिहिणाऱ्याने आपल्या बँकेकडे अर्ज करायचा, ती समोरच्या बँकेकडून मागवते, आणि त्याचे शुल्कही पडू शकते.